एकोणीस नंबरची चिठ्ठी

"ताई, जे माणूस आता न्हाई, त्याचं नाव चालंल का?"

हौसानं हे इतक्या हळू विचारलं, की मला "काय?" म्हणून पुन्हा विचारावं लागलं. शिवणवर्गाच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. मी खुर्चीत, मांडीवर वही. ती मशीनच्या स्टुलावर, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली.

"न चालायला काय झालं? जिवंत, मेलेलं, माणूस, म्हैस, काहीही चालेल. सखूमावशींनी म्हशीचंच दिलंय."

ती हसली नाही. खिडकीतून बाहेर कुणी आहे का ते बघत राहिली.

आमच्या महिला मंडळाला त्या वर्षी दहा वर्षं होत होती. मेळावा ठरला होता, पुण्याहून पाहुण्या येणार होत्या. मंडळ चालवणाऱ्या निगडेबाईंनी मला बोलावून सांगितलं, "शशी, खेळ तूच घ्यायचास. पण ती तुझी संगीतखुर्ची नको. बायका बोलत्या होतील असं काहीतरी काढ."

मला तेवढंच हवं होतं. निंबोडीत हळदीकुंकू असो नाहीतर शाळेचं स्नेहसंमेलन, खेळ घ्यायला शशीताईच. माइक हातात आला की मला भूक लागायची नाही की तहान. आमचे हे शाळेत हेडमास्तर होते. ते म्हणायचे, "शाळेला रविवार असतो, तुझ्या जिभेला तोही नाही." खोटं कशाला बोलू, मला ते कौतुकच वाटायचं.

आठ दिवस डोकं खाजवून मी खेळ काढला. आमच्या मंडळात निम्म्याहून जास्त बायका विधवा, नाहीतर नवऱ्यानं टाकलेल्या. कुठल्याही समारंभात "आता नाव घ्या" सुरू झालं, की कुणी पाणी आणायच्या निमित्तानं, कुणी भांडी बघायच्या निमित्तानं, एकेक करून उठून जायच्या. हे मी कितीदा पाहिलं होतं. तेव्हा म्हटलं, उखाणा नवऱ्याचाच कशाला? ज्याचं नाव घ्यावंसं वाटतं त्याचं घ्या! प्रत्येकीनं एका चिठ्ठीवर एक नाव द्यायचं. चिठ्ठ्या डब्यात. मी एकेक काढून वाचणार आणि बाकीच्यांनी ओळखायचं, हे नाव कुणी दिलं. बरोबर ओळखलं की मी घंटा वाजवणार, मग त्या बाईनं उठून त्या नावाचा उखाणा घ्यायचा. नाही ओळखता आलं तर चिठ्ठी बाजूला. प्रत्येक चिठ्ठीच्या मागं बारीक नंबर, आणि कुठला नंबर कुणाचा याची यादी फक्त माझ्या वहीत. निगडेबाई म्हणाल्या, "डोकं आहे हां तुला." आजही सांगते, खेळ चांगला होता. खेळात काही खोट नव्हती.

ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्या चिठ्ठ्या मी लिहून घेत होते. हौसा त्यांच्यातली.

"बोल, काय लिहू?"

"वसंत."

मी लिहायची थांबले. वसंत म्हटलं की निंबोडीत एकच माणूस डोळ्यांपुढं यायचा. याच खोलीत रोज दुपारी शिवण शिकवणारे वसंतमास्तर. बाजारात त्यांच्या दुकानाची पाटीच होती, 'वसंत लेडीज टेलर'. पन्नाशीला टेकलेला, बायकोपोरांचा, मान खाली घालून बोलणारा गरीब माणूस. आणि हौसा अजून तिशीची नव्हती. नवरा जाऊन चार वर्षं झालेली.

"अगं बाई! मास्तर?" मी डोळा मिचकावला. सवय मेली, दुसरं काय.

हौसाचा चेहरा पांढराफटक पडला. "काय बोलताय ताई! मास्तर मला बापावानी हायत."

"अगं, गंमत केली. मग कोण हा?"

ती पदर तोंडाला लावून सांगायला लागली. "लगीन झाल्यावर दुसऱ्या वर्षी मला पोरगा झाला व्हता. अकरा दिस व्हता. बाराव्याला बारसं. पाळणा आणलेला, घुगऱ्यांचं हरभरं भिजत घातलेलं. आन अकराव्या दिशी सांजच्याला ग्येला." तिनं नाक पुसलं. "बारसं न्हाई, म्हंजी नाव न्हाई. घरात सगळी 'ते पोर' म्हणत्यात. पर म्या मनात ठिवलं व्हतं. चैतात झाला, म्हणून वसंत. कुणाला सांगितलं न्हाई. धन्याला बी न्हाई. बारशाच्या आधी नाव फोडू नये म्हणत्यात ना."

मी चिठ्ठीवर 'वसंत' लिहिलं. जरा मोठ्या, सुबक अक्षरात लिहिलं. मागं एकोणीस नंबर घातला.

"असं दिसतं व्हय?" तिनं चिठ्ठी हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली. मग एकदम घाबरली. "पर ताई, कुणी वळखलं तर? आत्याबाई येणार हायती मेळाव्याला."

आत्याबाई म्हणजे तिची सासू. त्या सासूचाच सगळा प्रश्न होता. वरच्या वस्तीवर मंडळ नवा शिवणवर्ग काढणार होतं, आणि तिथं शिकवायला हौसाला ठेवा असं मास्तरांनीच सुचवलं होतं. पोरीचा हात फार साफ होता. पण सासूनं हो म्हटल्याशिवाय तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं, आणि सासूनं सांगून ठेवलं होतं, "मेळाव्याला येते. तिथं काय चालतंय ते डोळ्यांनी बघते, मग सांगते." पंधरा दिवस हौसाचा जीव टांगणीला लागला होता. रोज मला विचारायची, "व्हय म्हणतील ना ताई?"

"ओळखलं तर ओळखलं," मी म्हटलं. "मी 'चूक' म्हणेन आणि चिठ्ठी बाजूला टाकेन. वही माझ्याच हातात आहे ना? शपथ घेऊ का?"

"शपथ नको. तुमी म्हणला, बास." ती चिठ्ठी घडी करून तिनं स्वतःच्या हातानं डब्यात टाकली. "उखाण्याचं धाडस न्हाई माझं. नुसतं डब्यात असू द्या."

मेळाव्याच्या दिवशी शाळेचा हॉल गच्च भरला होता. दीडशे तरी बायका असतील. पुढं खुर्च्यांवर पुण्याच्या तिघी पाहुण्या, शेजारी निगडेबाई. खाली सतरंजीवर बाकी सगळ्या. हौसाची सासू दुसऱ्या रांगेत, काठी मांडीवर आडवी घेऊन, कुणाशी न बोलता बसली होती. तिच्या मागं हौसा, धुवट निळ्या लुगड्यात. मास्तर हॉलच्या मागच्या बाजूला वर्गातल्या बायकांनी शिवलेले फ्रॉक दोरीवर अडकवत होते.

सासूनं आल्या आल्या ते फ्रॉक एकेक करून शिवण उसवून बघावी तसे उलटे करून पाहिले होते. "ह्यो तू शिवला?" असं हौसाला विचारलं होतं, आणि हौसानं मान हलवल्यावर "बरं हाय" एवढं म्हणाली होती. हौसा धावत येऊन मला ते सांगून गेली. "बरं हाय म्हणल्या, ताई!"

खेळ सुरू झाला तो दणक्यात. पहिलीच चिठ्ठी 'चंद्री'. दहा जणी एकदम ओरडल्या, "सखूमावशी!" मी शाळेची पितळी घंटा घणघणवली. सखूमावशी कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या,

"कासंडी भरली काठोकाठ, फेस आला वर,
चंद्रीचं नाव घेते, तिच्यावरच चालतं घर!"

हॉल डोक्यावर घेतला बायकांनी. पुण्याच्या पाहुण्या टाळ्या वाजवून वाजवून हसल्या.

पण पुढं गाडी अडली. 'पार्वती' म्हटलं, तर अर्ध्या बायकांच्या आयांचं नाव पार्वती. 'राणी' कुणालाच ओळखू येईना. चार चिठ्ठ्या ओळीनं बाजूला पडल्या. मागं पोरं रडायला लागली, बायका आपसात बोलायला लागल्या. पाहुण्यांपैकी एकीनं घड्याळ बघितलं. दुसरी निगडेबाईंच्या कानाशी लागली आणि निगडेबाईंनी मला बोटानं खूण केली, आवरतं घे. माझ्या अंगाची लाही झाली. आठ दिवस डोकं घालून काढलेला खेळ, आणि आवरतं घे?

मी डब्यात हात घातला आणि चिठ्ठी उघडली. माझंच सुबक अक्षर.

ती बाजूला ठेवायची होती. तेवढं मला कळत होतं. "ही कोरीच आहे" म्हटलं असतं तर कुणी तपासायला येणार नव्हतं. पण ते नाव वाचलं की हॉल उसळणार, हेही मला कळत होतं, कारण मी स्वतःच त्या नावावर उसळले होते. मनात म्हटलं, नाव वाचायला काय होतंय? ओळखलं तर चूक म्हणायचं, झालं.

मी माइक तोंडाजवळ घेतला. "आता जरा कान टवकारा गं! नाव आहे... वसंत!"

एक क्षणभर हॉल चिडीचूप झाला. दीडशे बायका, पण एकीचा आवाज नाही. मग मागून कुणीतरी ओरडलं, "लेडीज टेलर!" आणि काय सांगू, हास्याचा नुसता फवारा उडाला. सगळ्या माना मागं वळल्या. मास्तर हातात फ्रॉक घेऊन उभे, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल. पाहुण्यांना कुणीतरी भाषांतर केल्यासारखं समजावून सांगितलं, मग त्याही हसायला लागल्या. घड्याळ बघणारी तर खुर्चीच्या कडेला सरकून बसली.

"कुणाची गं, कुणाची?" मीच चेतवलं. "बोला बोला!"

नावं येऊ लागली. "मास्तरीणबाईंची!" "नाही, त्या आल्याच नाहीत!" "लीलाची!" "चूक!" मी म्हटलं. "सुशीची!" "चूक!" हॉल नुसता उकळत होता. मग शेवंता उठली. शेवंता म्हणजे गावातलं फाटकं तोंड. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आगं, हौसाची असंल! दिवेलागणीपतुर तीच बसती की मास्तरच्या वर्गात!"

आणि घंटा वाजली.

हसणं एकदम वाढलं आणि एकदम थांबलं. कारण खेळाचा नियम सगळ्यांना पाठ होता. घंटा म्हणजे बरोबर.

बायका टाळ्या धरून म्हणू लागल्या, "नाव घ्या, नाव घ्या." हौसा उभी राहिली. कशी उभी राहिली देव जाणे, टाळ्यांनीच उठवल्यासारखी उठली. ती शेवंताकडे बघत नव्हती, मास्तरांकडे नाही, सासूकडेही नाही. ती माझ्याकडे बघत होती. डोळ्यांत पाणीसुद्धा नव्हतं. मी काहीतरी बोलेन म्हणून ती नुसती वाट बघत होती.

माइक माझ्या हातात होता. "थांबा गं, ते तिच्या बाळाचं नाव आहे," एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं तर सगळा हॉल गप्प झाला असता, बायकांच्या डोळ्यांना पदर लागले असते, आणि आता कुठं रंगलेला माझा खेळ तिथंच संपला असता. पुढं किती वर्षं मी स्वतःला सांगत होते, की तिचं गुपित होतं, मी कसं फोडायचं? ते सगळं मागाहून रचलेलं. त्या वेळी मला फक्त खेळ दिसत होता.

मी म्हटलं, "लाजल्या बाई आमच्या! असू दे, असू दे. चला, पुढची चिठ्ठी!"

लाजल्या. तो शब्द माझा. शेवंतानं नुसता अंदाज केला होता, त्यावर शिक्का मी मारला.

हौसाची सासू काठी टेकून उठली. दारापाशी जाऊन तिनं चपला घातल्या आणि मागं न बघता म्हणाली, "चल." हौसा तिच्या मागं गेली. मास्तरांचे फ्रॉक तसेच अर्धे दोरीवर, अर्धे टेबलावर राहिले. ते कधी निघून गेले मी पाहिलंच नाही.

मी आणखी अकरा चिठ्ठ्या वाचल्या. मग जेवण झालं. पाहुण्यांनी पाठ थोपटली. त्यातल्या एकीनं खेळ डायरीत उतरवून घेतला, "आमच्या दुसऱ्या गावांतही घेऊ हा," म्हणाल्या. मी मसालेभात दोनदा घेतला. हे मी विसरले असते तर बरं झालं असतं.

घरी यांना सांगितलं तर हे ताटावरून उठलेच. "आत्ताच्या आत्ता त्यांच्या घरी जा," म्हणाले. मी म्हटलं, उद्या जाते. उद्याचं परवा झालं. काय तोंडानं जाऊ, तेच समजत नव्हतं. चौथ्या दिवशी पदर खोचून निघाले. तोवर गावात गोष्ट कुठल्या कुठं गेली होती. मास्तर वर्गावर यायचे बंद झाले होते, आणि मास्तरीणबाई माहेरी गेल्या होत्या.

हौसा अंगणात ज्वारी पाखडत होती. सासू गिरणीत गेली होती. मला पाहून ती उठली नाही. सूप तेवढं खाली ठेवलं.

"हौसा, चुकून घंटा वाजली गं," मी म्हटलं. "मी सांगते तुझ्या सासूबाईंना. येईपर्यंत थांबते. त्यांना सांगते, शेवंताला सांगते, अख्ख्या गावाला सांगते ते नाव कुणाचं ते."

"नका सांगू."

"अगं, पण..."

"नका सांगू, ताई." तिचा आवाज चढलासुद्धा नाही. "तवाच्या तवा सांगितलं असतं तर येगळं. आता सांगितलं तर काय म्हणतील? पोराला मास्तरचंच नाव का काढलं व्हतं? मंग पोर कुणाचं व्हतं?" तिनं सूप पुन्हा उचललं. "मला म्हणत्यात ते म्हणू द्या. त्येला न्हाई. अकरा दिसाचं व्हतं ते."

हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. खरं बोलायची वेळ मी घालवून बसले होते, आणि आता खरं बोलणं हाच त्या लेकरावर डाग होता.

"मग मी काय करू?"

"जावा. आत्याबाई यायच्या आत जावा."

महिन्याभरात तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. वरच्या वस्तीवरचा वर्ग झालाच नाही. मास्तरीणबाई परत आल्या, पण मास्तरांनी दुकानाच्या पाटीवरचं 'वसंत' खरवडून काढलं. नुसतं 'लेडीज टेलर' राहिलं, आणि त्याच्या आधी एक पांढरा डाग. बाजारात जाताना मी पलीकडच्या अंगानं जायची. माइकला मात्र मी पुन्हा हात लावला नाही. लोक विचारायचे, घसा बिघडला का? मी म्हणायची, हो.

खेळ मात्र राहिला. अजून कुठं कुठं घेतात म्हणे. गेल्या महिन्यातच मंडळाच्या एका मुलीचा फोन आला होता, "ताई, तुमचा तो चिठ्ठ्यांचा खेळ आम्हाला नीट समजावून सांगा ना." मी फोन ठेवून दिला. बिचारीला वाटलं असेल, म्हातारी खडूस आहे.

हौसा मला पुन्हा एकदाच भेटली. मेळाव्याला नऊ वर्षं झाली होती. तालुक्याच्या एसटी स्टँडवर बाकावर बसली होती, शेजारी ब्लाउजपिसांचं गाठोडं. चष्मा लागला होता. मी ओळखलं आणि तोंड चुकवणार, तेवढ्यात तिनंच सरकून जागा केली.

"बसा की ताई."

मी बसले. भावाच्या गावात शिवणकाम करते म्हणाली. चार पोरी शिकायला येतात म्हणाली. सासू गेल्या वर्षी वारल्याचं तिला कळलं होतं, पण सासरच्यांनी मातीला येऊ दिलं नाही. हे सगळं तिनं दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगितलं. मला ते ऐकवेना. मी तिचा हात धरला आणि भर स्टँडवर रडायला लागले.

"मला माफ कर गं हौसा. नऊ वर्षं झोप नाही लागली धड. त्या दिवशी कशी कोण जाणे, घंटा वाजली."

तिनं हात सोडवून घेतला नाही.

"येक सांगू ताई? तुमी माइकवर त्येचं नाव घेतलं ना, तवा हॉलभर घुमलं ते. समद्या बाया येकदम गप. तवर मोठ्यानं कुणी त्येचं नाव घेतलंच नव्हतं, म्या बी न्हाई. मला वाटलं, झालं. माझ्या लेकराचं बारसं झालं." ती जरा हसली सुद्धा. "लई बरं वाटलं व्हतं तवा."

तिची गाडी लागली. तिनं गाठोडं उचलून काखेला मारलं आणि उभी राहिली.

"मंग बाया हसल्या. हसू द्या, त्यांना काय ठावं? शेवंताला बी ठावं नव्हतं. तुमाला ठावं व्हतं, ताई. ठावं असून तुमी घंटा वाजवली."